यंत्राचा दिवा लागत होता

अन्याय झाला तो माझ्यावर. अनिता जगदाळे, वय अकरा, इयत्ता सहावी, डावा पाय. दिवस होता दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार, वेळ सकाळचे पावणेअकरा. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण मोठी माणसं डोक्यावरून बोलायला लागली की मूल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतं. त्या वेळी बडोद्यातल्या एका धर्मादाय केंद्रात माझ्या पायाचं यंत्र काढून घेतलं गेलं, लोखंडी कपाटात ठेवलं गेलं आणि कपाटाला कुलूप लागलं. नऊ वर्षं झाली. यंत्र अजून त्याच कपाटात आहे.

केंद्राचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या एका नावाला चार शिव्या देऊन मोकळे व्हाल, आणि मला तुम्हाला इतक्या स्वस्तात सोडायचं नाही.

एरवी मी पत्रकं लिहिते. बसच्या उंच पायरीबद्दल, शाळेच्या जिन्याबद्दल, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी मारायला लावलेल्या हेलपाट्यांबद्दल. पत्रकात ‘आम्ही’ लिहायचं असतं, ‘मी’ लिहायचं नसतं, असं मला शिकवलंय. पण ज्या आया सकाळच्या बसनं मुलाला कडेवर घेऊन त्या केंद्रात येतात त्यांनी मला ‘तुमची भूमिका काय’ असं कधी विचारलं नाही. त्या विचारतात, ‘तुला काय झालं होतं गं?’ तर तेच सांगते.

दुसरं मूल

मला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूच्या एका भागाला प्राणवायू कमी पडला, आणि त्या भागाकडून डाव्या पायाला जाणारा निरोप नीट पोचत नाही. पाय जिवंत आहे. त्याला थंडी वाजते, डास चावलेला कळतो, गुदगुल्या तर उजव्यापेक्षा जास्त होतात. फक्त पाऊल उचल म्हटलं की उचलत नाही. पुढचा चवडा खाली लोंबतो आणि बोटं जमिनीवर घासत येतात. एवढंच आहे. मला ते पाच-सहा ओळींत सांगता आलं. माझ्या आईला ते सांगायला त्या दिवशी कोणाकडे पाच-सहा ओळीसुद्धा नव्हत्या.

मी अडीच वर्षांची होते. आईनं मोठ्या सरकारी इस्पितळात सकाळी सातला केसपेपर काढला, नंबर लागला दीड वाजता. डॉक्टरांनी मला टेबलावर निजवलं, पाय वाकवला, सोडला आणि भोवती उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. मग त्या सगळ्यांनी एकेक करून माझा पाय वाकवून बघितला. मी रडत होते. आईनं विचारलं, “साहेब, हिला काय झालंय?”

“बहन, इसमें कुछ होता नहीं,” डॉक्टर म्हणाले. “दूसरा बच्चा कर लो.”

पप्पा कारखान्यात फिटर. पहिली पाळी संपवून तसेच ग्रीसच्या हातांनी इस्पितळाच्या फाटकाशी आले होते. आईनं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पप्पा म्हणाले, “पण आपण हिच्याबद्दल विचारायला आलो होतो ना?”

आमच्या घरातलं पहिलं निषेधाचं वाक्य ते. मी नंतर पुष्कळ घोषणा लिहिल्या, त्याहून चांगली एकही जमली नाही.

सोमवार आणि गुरुवार

केंद्रात व्यायाम सोमवारी आणि गुरुवारी. फिनेल आणि टाल्कम पावडर यांचा मिळून एक वास असतो, तो अजूनही कुठे आला तर माझी पोटरी आपोआप ताठ होते. व्यायाम घेणाऱ्या जागृतीबेन. त्या आमच्याशी गुजराती बोलायच्या, आई त्यांच्याशी मराठी बोलायची, आणि दोघींना वाटायचं आपण समोरचीचीच भाषा बोलतोय.

“आवी गई मारी घोडी?” हे त्यांचं स्वागत. मग चटईवर पालथं झोपायचं, त्या टाच धरून पाऊल वर ढकलायच्या आणि वीस आकडे मोजायच्या. मी सतरावर ओरडायचे. त्या म्हणायच्या, “आज सत्तर तक गिनूंगी,” आणि अठरा, एकोणीस, वीस म्हणून सोडून द्यायच्या. प्रेमळ बाई. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्याविषयीही लिहायचं आहे.

घरी आईला माझी चाल आवाजावरून कळायची. उजवा पाय चप, डावा पाय खर्र. चप-खर्र, चप-खर्र. डाव्या बुटाचं टोक महिन्याभरात झिजून भोक पडायचं. नाक्यावरचा मोची उजव्या बुटाकडे बघायचा, डाव्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “ये दो अलग-अलग लड़कियों के हैं क्या?”

साबणाच्या डबीएवढं

मी दहा वर्षांची असताना परदेशातल्या कोणी देणगीदारांनी केंद्राला दोन यंत्रं दिली. साबणाच्या डबीएवढी पेटी, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. तिच्यातून दोन वायरी निघायच्या, त्यांच्या टोकाला काळ्या रबराच्या चकत्या. त्यांना थंडगार जेली लावून गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला चिकटवायच्या. आणखी एक वायर पायावरून खाली बुटात जायची, तिथे टाचेखाली चपटं बटण. टाच उचलली की पेटीतून विजेचा बारीकसा झटका चकत्यांतून स्नायूला जायचा आणि पाऊल वर यायचं. टाच टेकली की बंद. मेंदूचा निरोप पोचत नाही ना, मग तो वाटेतच दुसऱ्या कोणी द्यायचा. इतकी साधी युक्ती.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मी घाबरून जागृतीबेनच्या हाताला चावले. वीज म्हणजे काय, हे घरात पप्पांनी पुरेसं शिकवलं होतं. जागृतीबेननी दुसऱ्या हातानं बटण हळूहळू फिरवलं. आधी काही नाही. मग मुंग्या. मग मुंग्यांची रांग. आणि मग मी काहीही न करता माझं पाऊल वर आलं.

“जो,” जागृतीबेन म्हणाल्या, “पग ऊंचो थयो.” आणि चावलेला हात चोळत राहिल्या.

यंत्र घरी न्यायला मिळालं. त्याआधी पप्पांना एका इंग्रजी कागदावर सही करावी लागली. त्यात काय आहे ते व्यवस्थापक साहेबांनी बोटानं एकाच ओळीवर टकटक करून सांगितलं, “खोलना नहीं. कुछ भी हो, खोलना नहीं. हाथ भी नहीं लगाना.” जो माणूस दिवसभर पंप उघडून जोडतो त्यानं सही केली. त्याच्या हातांना त्या दिवशी बेडी पडली, आम्हाला ती तेव्हा दिसली नाही.

घरी मी जिना चढून आले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “कोण आहे?” तिला पावलं ओळखू आली नव्हती. चप-चप, चप-चप.

यंत्रानं आजार बरा होत नाही. कोणी तसं सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. रोज जेली, रोज चकत्या, कातडीवर लाल डाग, आणि यंत्र काढलं की पाऊल परत लोंबणार. पण ते नऊ महिने मी शाळेच्या मैदानात पडले नाही. स्नायू वापरला गेला, टाच सैल राहिली. मोची म्हणाला, “इस महीने जूता नहीं आया?” माझ्यासाठी ते प्रमाणपत्र होतं.

पाटावर

आमचे खापरपणजोबा संस्थानच्या पायदळात होते. त्यांची तलवार आमच्या दोन खोल्यांच्या घरात माळ्यावर असते आणि दसऱ्याला खाली येते. पप्पा तिला तेल लावून पुसतात, पाटावर ठेवतात. शेजारी पप्पांचे पाने, आईची कात्री, माझी पाटी-पुस्तकं. गंध, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. ज्याच्यावर आपण उभे आहोत त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती द्यायची आणि नमस्कार करायचा, हा आमच्या घरातला सर्वांत आवडता सण होता.

त्या दसऱ्याला पप्पांनी माझी पेटी पाटावर ठेवली, तलवारीच्या अगदी बाजूला.

“हे काय?” आई म्हणाली.

“हिचं शस्त्र,” पप्पा म्हणाले. “आपण पायदळातले. पायाचं हत्यार पाटावर नको?”

त्यांनी पेटीला कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूची पाकळी ठेवली आणि फूल पाण्यात बुडवून सगळ्यांवरून शिंपडलं.

“अहो, त्यात पाणी जाईल.”

“दोन थेंब गं. देवाचं पाणी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चकत्या लावल्या, बूट घातला, पेटी सुरू केली. पेटीवरचा हिरवा दिवा लागला. टाच उचलली. पाऊल आलं नाही. पुन्हा उचलली. चप-खर्र.

पप्पा पेटी हातात घेऊन बसले. त्यांचा अंगठा मागच्या स्क्रूवरून फिरत होता. त्यांनी उघडली नाही. सही केली होती.

पावणेअकरा

सोमवारी आम्ही केंद्रात गेलो. जागृतीबेननी पेटी बघितली आणि आधी दार लावलं. पेटीच्या कडेच्या खाचेत कुंकू राहिलं होतं. त्या स्पिरिटच्या कापसानं ते पुसत असतानाच व्यवस्थापक साहेब आत आले.

“ये क्या है?”

पप्पांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी दसरा सांगितला.

“ये मशीन है या मूर्ति?” साहेब म्हणाले. “फॉरेन के लोगों ने भरोसे से दिया, और आप लोग इसको नहला रहे हो? अगले महीने वो आ रहे हैं. मैं क्या मुँह दिखाऊँ?”

पप्पा उभे होते. आई उभी होती. मी बाकावर होते. मी म्हणाले, “पण दिवा लागतोय.”

“बड़ों के बीच में नहीं बोलते.”

“दिवा लागतोय,” मी परत म्हणाले. आईनं माझा खांदा दाबला.

हे नीट वाचा. पेटी कोणी तपासली नाही. कोणी वायर हलवून बघितली नाही. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: पालकांच्या अंधश्रद्धेमुळे यंत्र निकामी. त्यांच्या मागच्या टेबलावर केंद्राचा नवा कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरच्या कपाळावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला होता, वर वाळलेली झेंडूची माळ. चार दिवसांपूर्वीच्याच दसऱ्याची. त्यांची ती श्रद्धा. फिटरची ती अंधश्रद्धा.

पेटी आणि चकत्या कपाटात गेल्या. माझ्या बुटातलं टाचेचं बटण आणि त्याची वायर बुटातच राहिली, कारण मोच्यानं ती आतून शिवली होती आणि बूट आमचा होता.

दुसरं यंत्र पादरा गावच्या एका मुलीकडे होतं. खबरदारी म्हणून तेही परत मागवलं. तिनं तर पूजासुद्धा केली नव्हती.

पुढच्या महिन्यात पाहुणे आले. केंद्रातून निरोप आला, अनिताला छान फ्रॉक घालून पाठवा. साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. माझ्या कमरेला ती पेटी लावली गेली, चकत्या चिकटवल्या गेल्या, आणि फोटोत पेटीपासून पायापर्यंत वायर गेलेली दिसावी म्हणून पेटीला एक सुतळी बांधून तिचं टोक माझ्या मोज्यात खोचलं गेलं. टाचेची वायर जागेवर नाही हे एकाही पाहुण्याच्या लक्षात आलं नाही. फोटो काढला. पेटी काढली. कुलूप. वार्षिक अहवालात तो फोटो आहे, मी हसते आहे. हस म्हटलं होतं.

त्या वर्षांत बडोद्याच्या अलकापुरीतल्या दुकानांत परदेशी बूट आले, परदेशी चॉकलेटं आली, केबलवर परदेशी वाहिन्या आल्या. सगळे म्हणत, आता जगातलं सगळं आपल्याकडे मिळणार. माझ्याकडेही आलं होतं. स्टेशनपासून तीन मैलांवर होतं, एका कुलपामागे.

वॉर्ड

वापरला नाही की स्नायू आखडतो. मागची शीर तोकडी होते आणि टाच वर उचलली जाते, मग कितीही ढकला, खाली येत नाही. माझी टाच दीड वर्षात उचलली गेली. तेराव्या वर्षी शीर लांब करण्याचं ऑपरेशन करायचं ठरलं.

ऑपरेशन होणार आहे त्यांच्यासाठी लिहिते. भूल देताना घाबरायला वेळच मिळत नाही. भीती वाटते ती आदल्या दिवशी, वजन करताना, पायावर निळ्या शाईनं खूण करताना. नर्सला सांगा, खूण मला करू दे. मला करू दिली. डाव्या पायावर मी बाण काढला आणि उजव्या पायावर लिहिलं, ‘हा नाही.’ शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हसले म्हणे. मला ते हसलेले चालले.

प्लास्टर सहा आठवडे. आत खाज सुटते आणि हात पोचत नाही, ही शिक्षा कोणी आधी सांगत नाही. शेजारच्या खाटेवर डभोईच्या एक मोठ्या बेन होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. त्यांनी स्वेटरची सुई दिली, बोथट टोकाची. डॉक्टरांना कळलं असतं तर रागावले असते. पण त्या वॉर्डातली सगळ्यात मोठी दया ती सुईच होती.

सकाळी पाचला अंग पुसणं, सातला चहा, नऊला डॉक्टरांची फेरी, आणि मग दिवसभर छत. आई स्टुलावर. पप्पा पाळी संपवून यायचे, खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि प्लास्टरकडे बघायचे. एकदा आईला राहवलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या त्या दोन थेंबांनी.”

त्या वर्षी दसऱ्याला तलवार खाली आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आमच्या घरात त्यानंतर कोणी कशाची पूजा केली नाही आणि कोणी त्याबद्दल बोललंही नाही. आई आणि पप्पा भांडत नसत. भांडले असते तर बरं झालं असतं.

टाच थोडी खाली आली. पूर्ण नाही. आज मी वीस वर्षांची आहे, चप-खर्र चालते. माझ्या घोट्याला आता वाकच उरलेला नाही, त्यामुळे ते यंत्र उद्या मिळालं तरी माझ्या उपयोगाचं नाही. हे जागृतीबेननीच मला सांगितलं. माझी वेळ गेली.

बूट

या वर्षी मोर्च्यासाठी काठ्या शोधायला मी माळ्यावर चढले. तलवारीच्या कापडामागे माझा तो बूट होता. आईनं ठेवलेला. आतून वायर बाहेर लोंबत होती.

आमच्या मोर्च्याचा भोंगा दुरुस्त करतात हनीफभाई, जुने रेडिओवाले. भोंग्याबरोबर मी बूटही नेला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मीटरचे दोन काटे वायरीच्या दोन टोकांना लावले. सुई हलली नाही. मग नखानं वायर टाचेपासून वर दाबत गेले, एका जागी थांबले, ब्लेडनं रबर सोललं. आत तांब्याच्या तारा तुटून काळ्या पडल्या होत्या. टाचेच्या वर, जिथे प्रत्येक पावलाला वायर वाकते तिथे.

“पानी से?” मी विचारलं.

“पानी यहाँ कहाँ से आएगा, बेटी? पूजा डिब्बे की हुई थी ना?” त्यांनी वायर वाकवून दाखवली. “ये चलने से टूटी है. जितना चलो उतनी टूटेगी. पाँच मिनट का काम था.”

मी घरी येऊन पप्पांना सोललेली वायर दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली, फिटर पाहतो तशी, उजेडाकडे धरून. मग म्हणाले, “हो. घासून तुटलीय.” खूप वेळ ते ती बोटांत फिरवत राहिले. “मी मागचे स्क्रू उघडायचा विचार करत होतो,” ते म्हणाले. “वायर बघितलीच नाही. वायर उघडायला तर सही आड येत नव्हती.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “मी तुम्हाला इस्पितळात जे बोलले ते…”

“असू दे,” पप्पा म्हणाले.

सात वर्षं दोन माणसं एका घरात गप्प राहिली. याची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे?

कपाट

जागृतीबेनना मी बूट दाखवला. त्या रडल्या. मग म्हणाल्या, पेटीच्या बाजूला तपासायचं एक छोटं बटण होतं. ते दाबलं की टाच न उचलताही झटका येतो. त्या दिवशी त्यांना ते ठाऊक होतं. साहेबांसमोर दाबायची हिंमत झाली नाही, आणि नंतर तर कपाटच बंद. “तू बोली हती,” त्या म्हणाल्या, “दीवो थाय छे. मैं सुना था.”

मी त्यांना माफ केलं का, असं लोक विचारतात. त्यांनी त्यानंतर काय केलं ते सांगते. साठा मोजण्यासाठी ज्या सोमवारी कपाट उघडणार होतं त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला. “काले कबाट खुलशे. तारा रेडियोवाळा ने लई आव.” उद्या कपाट उघडेल, तुझ्या रेडिओवाल्याला घेऊन ये.

हनीफभाई नवी वायर जोडून बूट घेऊन आले. साहेब तेच, केस पांढरे. त्यांना वाटलं आम्ही भोंग्याच्या परवानगीसाठी आलोय. जागृतीबेननी पेटी टेबलावर ठेवली, हनीफभाईंनी नवी बॅटरी घातली. हिरवा दिवा लागला. त्यांनी काळ्या चकत्या आपल्याच हातावर ठेवल्या, कोपराखाली, जेली लावून, आणि टाचेचं बटण दुसऱ्या हातानं दाबून सोडलं. त्यांची बोटं टेबलावरून आपोआप वर उचलली गेली.

“सलाम कर रहा है साहब को,” हनीफभाई म्हणाले.

कोणी हसलं नाही. साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. “लेकिन इसमें खराब लिखा है.”

“तुमच्यासमोर चालू आहे,” मी म्हणाले.

“रजिस्टर में खराब है. खराब चीज़ किसी को दी नहीं जा सकती. कमेटी के सामने रखेंगे.”

“कमिटी कधी बसणार?”

“जब बैठेगी.”

आणि चालू यंत्र, नव्या बॅटरीसकट, परत कपाटात गेलं.

कागद

माझ्यासाठी हे लिहीत नाही, माझी वेळ गेली हे सांगून झालंय. डभोईच्या कोमलसाठी लिहिते. वय सहा, डावा पाय, पहिलीत. केंद्रात ती सोमवारी येते आणि जागृतीबेनना विचारते, “मारो वारो क्यारे?” माझी पाळी कधी? तिची टाच अजून खाली टेकते. किती दिवस टेकेल ते कोणी सांगू शकत नाही. माझी दीड वर्ष टेकली.

जागृतीबेननी मला एक परीक्षा शिकवली. मूल उभं असताना टाचेखाली कागद ठेवायचा आणि हळूच ओढायचा. टाच नीट टेकत असेल तर कागद अडकतो. उचलली गेली असेल तर सरकन निघून येतो. मागच्या सोमवारी मी माझ्याच पत्रकाचा एक कागद माझ्या टाचेखाली ठेवला. सरकन आला. कोमलच्या टाचेखाली ठेवला. अडकला. ती म्हणाली, “फाडू नको हं.”

आता तुमच्याकडे येते. तुम्ही वाचलंत, हळहळलात, ठीक आहे. ते मला नकोय.

डभोईची बस सोमवारी सकाळी दहाला डेपोत लागते. कोमल आणि तिची आई तिच्यातून उतरतात. तुम्ही तिथे या. येणाऱ्या सोमवारीच या, कमिटी बसेल तेव्हा नाही. त्यांच्याबरोबर केंद्रापर्यंत चाला, कोमलच्या वेगानं. हे पत्रक बरोबर आणा. आत गेल्यावर ते तिच्या टाचेखाली ठेवा आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर ओढून दाखवा. कागद अडकतोय तोवर वेळ आहे. मग हात पुढे करा आणि कपाटाची किल्ली मागा. मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.